कोकणातल्या भुतांची खानेसुमारी

कोकणात "तिथे भूत आहे" एवढ्यावर कोणाचं समाधान होत नाही. पुढचा प्रश्न ठरलेला: "कसलं?" पिंपळावरचं असेल तर मुंजा, पाणवठ्यावरचं असेल तर गिऱ्हा, चुलीपाशी घुटमळणारं असेल तर जखीण. मग ते कोणाच्या घरचं, कसं गेलं, काय राहून गेलं होतं, हे ओघाने येतं आणि ऐकणाऱ्याला भुतापेक्षा त्या घराचीच माहिती जास्त होते.

मे महिन्यात आजोळी गेलो की आजीची ताकीद असायची, "तिनसांजेक पिंपळाकडे जाव नको." का, तर "थंय मुंजो आसा." मुंजा म्हणजे काय, असं विचारलं तर ती दात, नखं, डोळे यांचं वर्णन करायची नाही. अमक्यांचा मधला मुलगा, मुंज झाली आणि पावसाळ्यात तापाने गेला, एवढंच सांगायची. आम्हाला भीती वाटायची ती नंतर, अंथरुणात पडल्यावर.

ड्रॅगन किंवा नॉर्वेतला ट्रोल ही माणसाहून निराळी जमात. कोकणातलं भूत कालपर्यंत गावातलंच माणूस होतं. त्यामुळे त्याला जात असते, वय असतं, लग्न झालं होतं की नव्हतं याची नोंद असते. भुतांची यादी नीट वाचत गेलं की हाती एका समाजाची खानेसुमारी लागते.

शाळामास्तरांनी भरलेला तक्ता

ही यादी कागदावर आली त्याची हकिगतही ऐकण्यासारखी आहे. मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी ए. एम. टी. जॅक्सन संस्कृतचे अभ्यासक होते, त्यांना 'पंडित जॅक्सन' म्हणत. लोकसमजुतींची एक लांबलचक प्रश्नावली त्यांनी गावोगावच्या शाळामास्तरांकडून भरून घेतली. पाऊस पडावा म्हणून तुमच्याकडे काय करतात, रोगांच्या देवता कोणत्या, झाडांत कोण राहतं, भुतांचे प्रकार किती. कागद जमले, पण ग्रंथ व्हायच्या आत २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'संगीत शारदा'च्या प्रयोगाला आलेल्या जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. त्या खटल्याचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. जॅक्सन यांच्या टेबलावर राहिलेल्या भुतांचं पुढे काय झालं, ते फार कोणाला ठाऊक नाही. कोकणच्या हिशेबाने मरणही अपमृत्यूचं आणि कामही अर्धं राहिलेलं, म्हणजे गोळा करणाऱ्यालाच यादीत जागा होती.

ते काम आर. ई. एन्थोव्हेन या दुसऱ्या अधिकाऱ्याने पुरं केलं. गुजरातचा खंड १९१४ मध्ये आला, कोकणचा १९१५ मध्ये. १९२४ साली एन्थोव्हेनने याच सामग्रीवर मोठा ग्रंथ काढला. कोकणच्या खंडात मला मजा वाटते ती तळटीपांची. विधान वर, आणि खाली माहिती देणाऱ्याचा हुद्दा: शाळामास्तर, अमुक गाव, जिल्हा रत्नागिरी किंवा कुलाबा किंवा ठाणे. शाळेत येणाऱ्या सरकारी कागदांत हाही एक कागद, आणि मास्तरांनी हजेरीपट भरावा तसा तो भरून दिला. त्यांचं एकमेकांशी जुळतंच असं नाही. झोटिंग हे भूत नेमकं कोणाचं, यावर दोन गावांचं एकमत होत नाही. हे न जुळणंच मला भरवशाचं वाटतं. वरून पाठवलेलं उत्तर सगळीकडे एकसारखं आलं असतं.

माणसाचं भूत होतं कसं

त्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक तर मरण वेळेआधी किंवा वाईट रीतीने यावं लागतं: बुडून, पडून, बाळंतपणात, कोणाच्या हातून. नाहीतर काहीतरी राहून जावं लागतं, लग्न, मूल, सूड, पुरून ठेवलेलं धन. म्हातारपणी, नातवंडं पाहून, अंथरुणात गेलेल्या माणसाचं भूत सहसा होत नाही.

राहून गेलं आहे का, हे तपासायची सोयही आहे. दहाव्याला नदीकाठी पिंड मांडतात. माणसं मागे सरतात आणि कावळ्याची वाट बघत उभी राहतात. कावळा फांदीवर येतो, मान वाकडी करतो, उतरत नाही. मग कुजबुज सुरू होते. थोरला मुलगा पुढे होऊन हात जोडतो: "धाकटीचं लग्न मी करून देईन." पाच मिनिटं जातात. "आईला अंतर देणार नाही." तरीही नाही. मग मागून कोणीतरी बांधावरच्या फणसाचं नाव काढतं, ज्याच्यावरून भावाभावांत बोलणं बंद असतं. कबुली दिली जाते, कावळा झेपावतो आणि घाटावरची सगळी माणसं एकदम श्वास सोडतात. नाहीच शिवला, तर शेवटी दर्भाचा कावळा करून शिववतात. भुतांची सगळी गोष्ट या अर्ध्या तासात आहे. ज्याचं ऐकून घेतलं गेलं तो गेला, ज्याचं कोणी ऐकलं नाही तो गावातच राहिला.

मुंजा

मुंज झाली, पण सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला, की त्याचा मुंजा होतो. म्हणजे बालपण संपलं, गृहस्थाश्रम सुरू झाला नाही, अशा मधल्याच पायरीवर तो अडकतो. मुंज ज्यांच्यात होते त्यांच्याच घरी मुंजा होऊ शकतो, हे उघडच आहे. राहायला पिंपळ, कधी विहीर. तो फारसा दुष्ट नाही. खडे मारणं, ताप आणणं, झाडाखाली निजलेल्याच्या छातीवर बसणं, अशा पोराटकीच्या खोड्या करतो.

त्याच्यावरचा उपायही पोराला समजवावं तसाच. पिंपळाला पार बांधायचा आणि झाडाचीच मुंज लावायची. बुंध्याला जानवं, भटजी, मंत्र, जेवणावळ, सगळं रीतसर. गावोगावचे काही पार असे आले आहेत. त्यांच्यावर पुढे पिढ्यानपिढ्या गप्पा रंगल्या, पण पार बांधला होता तो कोणाच्या तरी मुलाला बसायला जागा हवी म्हणून.

पिंपळच का? धार्मिक कारणं पुष्कळ सांगता येतील. मला एक साधं कारण पुरेसं वाटतं. पिंपळाच्या पानाचा देठ लांब आणि लवचिक असतो, त्यामुळे आंब्या-फणसाचं पान हलत नाही एवढ्याशा झुळकीनेही पिंपळ सळसळतो. वारा पडलेल्या रात्री सगळी झाडं गप्प आणि एकच झाड बोलतंय, त्याच्याखालून कंदील घेऊन जाऊन बघा.

समंध, ब्रह्मग्रह, खवीस

विद्या होती पण तिचा गर्व होता, अशा ब्राह्मणाचा ब्रह्मग्रह होतो. तो झपाटलेल्या माणसाच्या तोंडून वेद म्हणतो, आणि मांत्रिकाला उच्चारावरून झापतो असंही सांगतात. समंध वारस नसलेल्याचा किंवा धनात जीव अडकलेल्याचा. पुरलेल्या हंड्यावर बसून राहतो, स्वतः खर्चत नाही, दुसऱ्याला हात लावू देत नाही. असे समंध जिवंतपणीही पाहायला मिळतात, त्याला अमावास्या लागत नाही.

खवीस या सर्वांत परका. शब्दच अरबीतून आलेला, आणि भूत मुसलमानाचं, विशेषतः हबशाचं मानलेलं. यामागे कोकण किनाऱ्याचा इतिहास आहे. मुरुडच्या जंजिऱ्यावर सिद्दींची सत्ता थेट १९४८ पर्यंत होती. समुद्रावरून आलेली धिप्पाड आफ्रिकी माणसं, त्यांचा किल्ला, त्यांच्या स्वाऱ्या, हे सगळं गावांच्या आठवणीत भूत होऊन उतरलं. कोणाला अतिभयंकर ठरवायचं हे जिवंत माणसांच्या भांडणांवरून ठरतं, आणि खविसाच्या बाबतीत ते जरा जास्तच उघडं पडतं.

बाळंतीण आणि सवत

पुरुष भुतं जातीनुसार विभागलेली, तर बायकांची भुतं नवऱ्यावरून. सवाष्ण गेली तर जखीण, बाळंतपणात गेली तर अळवंत किंवा हडळ, विधवा गेली तर लावसट. जिवंतपणी बाईची ओळख ज्या खुणेने व्हायची, तीच पुढे चालू.

जखिणीचा वावर स्वयंपाकघरात. तिचा राग दुसरेपणावर दिलेल्या बायकोवर, कारण तिचीच चूल, तिचीच भांडी, तिचीच मुलं आता दुसरीच्या हाती गेलेली. म्हणून दुसऱ्या बायकोने सोन्याच्या किंवा चांदीच्या पत्र्यावर पहिलीची आकृती उठवून ती गळ्यात घालायची, सणावारी तिला नैवेद्य दाखवायचा, लुगडं आधी तिच्यापुढे ठेवून मग आपण नेसायचं. सतरा-अठरा वर्षांची पोर मेलेल्या सवतीला गळ्यात घालून भाकऱ्या थापते आहे, हे चित्र मला कुठल्याही हडळीपेक्षा अंगावर काटा आणणारं वाटतं.

हडळ समोरून देखणी, केस मोकळे, पाठीमागून नुसता सापळा. कुठे पावलं उलटी. पाठीकडून पोकळ असलेली बाई स्कँडिनेव्हियातल्या जंगलकथांतही भेटते, तिला हुल्द्रा म्हणतात, पण ती मेलेली बाई नव्हे. हडळीच्या खऱ्या बहिणी दुसरीकडे आहेत. उत्तर हिंदुस्थानात चुडैल. जपानात उबुमे: रक्ताने माखलेली, वाटसरूला "माझं मूल जरा धरा" म्हणणारी. मलायात लांगसुयिर: ती उठू नये म्हणून बाळंतीण गेली की तिच्या तोंडात काचेचे मणी, दोन्ही काखांत कोंबडीची अंडी आणि तळहातांत सुया ठेवत. तोंड उघडेना म्हणून किंचाळता येत नाही, अंडी फुटू नयेत म्हणून हात पसरून उडता येत नाही. कोकणात प्रेतामागे राळ्याचे नाहीतर मोहरीचे दाणे टाकत जायचे आणि वाटेवर खिळा ठोकायचा. मेक्सिकोतल्या अझ्टेकांनी मात्र निराळा विचार केला. बाळंतपणात गेलेली बाई त्यांच्या लेखी लढाईत पडलेल्या वीराच्या बरोबरीची. मध्यान्हीपासून मावळतीपर्यंत सूर्याला पोचवायला ती जाते. तरी ठरावीक दिवशी तीच चौरस्त्यावर उतरून मुलांना धरते, म्हणजे मान दिला तरी भीती गेली नव्हती.

एकमेकांचं नावही न ऐकलेल्या लोकांनी एकच भूत कल्पिलं, कारण मरण एकच होतं आणि ते घरोघरी होतं. ते मरण आता दुर्मीळ झालं आहे: महाराष्ट्रात २०१८-२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू नोंदले गेले. हडळ दिसेनाशी होण्याचं श्रेय विजेच्या दिव्याला देतात. थोडं सुईणीच्या जागी आलेल्या नर्सबाईंनाही द्यायला हवं.

जिवंत बाईला चेटकीण ठरवून मारणं, भूत उतरवायचं म्हणून साखळीने बांधणं, मिरचीची धुरी देणं, चपला भिजवलेलं पाणी पाजणं, या गोष्टी मात्र लोककथेत मोडत नाहीत. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि वर्षाअखेर विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. भूत काढण्याच्या नावाखाली चाललेले हे प्रकार त्या कायद्याच्या अनुसूचीत एकेक करून लिहिलेले आहेत.

गिऱ्हा

बुडून मेलेल्याचा गिऱ्हा होतो आणि जिथे बुडाला तिथेच राहतो. खाडीवर, कोंडीत, तरीपाशी. तो ओळखीच्या माणसाचा आवाज काढतो, सोबत चालतो, बोलता बोलता खोल पाण्याकडे नेतो. त्याला मासळी प्रिय, म्हणून रात्री मासे घेऊन येणाऱ्याने सांभाळायचं. पण गिऱ्हा जरा बावळटही आहे. त्याचा केस कापून लपवून ठेवता आला तर तो चाकर होतो, शेतात राबतो आणि केसासाठी रोज गयावया करतो.

जपानच्या नद्यांतला काप्पा त्याच्याच कुळातला. त्याच्या डोक्यावर पाण्याने भरलेला खळगा असतो. त्याला वाकून नमस्कार केला की तोही रिवाजाप्रमाणे वाकतो, पाणी सांडतं आणि ताकद जाते. चेक लोकांचा वोद्निक बुडालेल्यांचे जीव झाकणाच्या भांड्यांत भरून ठेवतो. तिघांचंही खरं काम एकच, पोरांना एकट्याने पाण्यावर जाऊ न देणं.

देवचार आणि वेताळ

इथे भुतांची गोष्ट वळण घेते. देवचार हाही मुळात मेलेलाच, लग्न होऊन गेलेल्या शूद्राचं भूत अशी त्याची नोंद. पण दक्षिण कोकणात आणि गोव्यात तो गावाचा राखणदार झाला आहे. रात्री हातात काठी, खांद्यावर घोंगडी अशा वेशात तो शिवेवर फेरी मारतो, चुकलेल्याला घरी आणून सोडतो. वर्षाला त्याला नारळ, कोंबडा द्यायचा. गोव्यात रोट, विडी, दारूही. ज्याला जिवंतपणी गावात मानाची जागा नव्हती, त्याच्याच हाती मेल्यावर गावाची राखण दिली. गंमत अशी, की गोव्यातल्या ख्रिस्ती कोंकणीत देवचार म्हणजे थेट सैतान. मिशनऱ्यांना नरकाच्या राजासाठी शब्द हवा होता, त्यांनी गावच्या पहारेकऱ्याला धरलं.

वेताळ तर सर्वांचा राजा. चांदोबात विक्रमाच्या खांद्यावर लोंबणारा वेताळ आपण पाहिला, तो संस्कृत कथांमधला, प्रेतात शिरणारा. अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवाने 'कथासरित्सागरा'त त्याच्या पंचवीस गोष्टी घेतल्या. कोकणातल्या वेताळाला कोडी घालायला सवड नाही. त्याच्यामागे भुतांचं सैन्य आहे, अमावास्येच्या रात्री दिवट्या पाजळून त्याची स्वारी निघते, आणि तो देव आहे. गोव्यात आमोणे, लोलये अशा गावांत बेताळ पुजला जातो. त्याच्या जुन्या दगडी मूर्ती नग्न, उभ्या आणि सरळ समोर बघणाऱ्या.

वेंगुर्ले तालुक्यात शिरोड्याला लागून आरवली आहे, लेखक जयवंत दळवींचं गाव. तिथल्या वेतोबाला नवसाच्या वहाणा वाहतात. जवळून बघाव्यात अशा त्या असतात: जाड चामड्याच्या, कोल्हापुरी घाटाच्या, कोणाही माणसाच्या पायापेक्षा कितीतरी मोठ्या, ओळीने मांडलेल्या. देव रात्री त्या घालून गावाभोवती फिरतो, म्हणून तळ झिजतात, असं सांगतात. बरोबर केळ्यांचा घड. पुण्यात रोज सकाळी बूट घालून वेताळ टेकडी चढणाऱ्यांपैकी किती जण वरच्या देवळात डोकावतात, कोण जाणे, पण टेकडीचा मालक तोच आहे.

चकवा

चकव्याला रूप नाही, जात नाही. तो फक्त वाट चुकवतो. माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे बघतो तर निघालो त्याच आंब्याखाली. या खात्यात मात्र शास्त्राने साक्ष दिली आहे. २००९ मध्ये यान सौमन आणि सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या जंगलात आणि ट्युनिशियातल्या वाळवंटात माणसांना सरळ चालायला सांगून त्यांच्या वाटा उपग्रहाने टिपल्या. सूर्य दिसत होता तेव्हा वाट बऱ्यापैकी सरळ. जंगलात ढगाळ दिवशी चालणारी माणसं मात्र गोल फिरून आपलीच वाट ओलांडू लागली, आणि त्याचा पत्ता त्यांना नव्हता. वाळवंटात रात्री चालणारा चंद्र झाकला जाताच वळून आल्या दिशेला परतला. आपल्या मास्तरांनी हे तक्त्यात एका ओळीत लिहिलं असतं.

भाषेत आणि पडद्यावर

गावात वीज आली, रस्ते झाले, पाणवठ्याच्या जागी नळ आले, तशी भुतं भाषेत राहायला गेली. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात त्यांना जागा होतीच. आता दरडावणारा कारभार तो झोटिंगशाहीचा, तुसड्या माणसाला खवीस म्हणायचं, चिडलेला तो आग्यावेताळ, लग्नाला टाळाटाळ करणारा पिंपळावरचा मुंजा. फुटबॉलपटूही बचावफळीला चकवा देतो.

पडद्यावर त्यांचं नशीब मिश्र आहे. २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका आली. सावंतवाडीजवळच्या आकेरीतल्या वाड्यात तिचं चित्रण झालं आणि लोक तो वाडा बघायला गाड्या करून जाऊ लागले. २०१८ च्या 'तुंबाड'मधला हस्तर पाहून पुष्कळांना तो जुन्या कोकणी समजुतींतला वाटला, पण तो चित्रपटासाठी रचलेला आहे. मास्तरांच्या तक्त्यात त्याला बसवता येणार नाही, कारण तो कोणाच्याच घरचा नाही. जून २०२४ मध्ये आदित्य सरपोतदारांच्या हिंदी चित्रपटातून मुंजा देशभर पोचला. संगणकावर घडवलेलं अंग, माकडासारख्या उड्या. हट्ट मात्र आजीने सांगितलेल्या मुलाला शोभेल असाच, मुंज झाली, आता माझं लग्न लावून द्या.